इंजिन बदललंत, पण डिझेलचं प्रेशर कुणी मोजलं?



बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर जेटीला बांधलेले, आणि इंजिनं बदलायची ती याच दिवसांत. मालिमला जा, कुटबणला जा, खारीवाड्याला जा, कुठल्या ना कुठल्या बोटीवर चेन-पुली लावून जुनं इंजिन वर काढलेलं दिसेलच. आपल्याही काही सभासदांनी यंदा काम काढलंय. कुणी नवं इंजिन घेतंय, कुणी ट्रकचं जुनं इंजिन मरीन करून बसवतंय. खर्च लाखांत, आणि बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज. म्हणून हे १ ऑगस्टच्या आधीच बोलून टाकतो.

इंजिन बसलं, स्टार्ट झालं, नारळ फोडला की काम झालं असं आपण धरतो. आमचं म्हणणं वेगळं आहे. डिझेलच्या लाइनवर गेज लावून, इंजिन लोडवर असताना प्रेशर मोजल्याशिवाय इंजिन बदलण्याचं काम पुरं झालं असं धरू नये, आणि मेस्त्रीचा शेवटचा हप्ताही तोवर देऊ नये.

गेल्या काही हंगामांत जेटीवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जेटीला इंजिन घड्याळासारखं चालतं. नदीतून बाहेर पडतानाही ठीक. बाहेर जाऊन जाळं टाकलं, दोरावर ताण आला, की आरपीएम खाली. तांडेलाचा फोन येतो, "ओडना मरे!" मग बोट परत. मेस्त्री येतो, पंप उतरवतो, कॅलिब्रेशनला पाठवतो. दोन दिवस गेले. पंप परत बसवला, तरी तेच. मग नोझल उतरवतात. मग कुणीतरी शहाणा मायको पंपाचं सील तोडून फुल लोडचा स्क्रू फिरवतो. आता काळा धूर यायला लागतो आणि डिझेल जास्त जातं, ओढ मात्र होती तेवढीच. एका बोटीवर हा खेळ सहा दिवस चालला. शेवटी सापडलं काय, तर टाकीपासून सेपरेटरपर्यंतची तांब्याची जुनी ८ मिलिमीटरची नळी, वाटेत दोन एल्बो, आणि एक व्हॉल्व जो पूर्ण उघडतच नव्हता. इंजिन नवीन, पंप नवीन, नळी मात्र आधीच्या मालकाच्या वेळची. त्या सहा दिवसांत बांगडा कुणी दुसऱ्यांनी मारला. ओडिशा-झारखंडहून आणलेले खलाशी बोटीवर बसून जेवत होते, त्यांचा खर्च चालूच.

आणि वॉरंटी? विकणाऱ्याचा माणूस आला, तुटलेलं सील बघितलं आणि वही मिटली. त्याला दोष देता येत नाही.

आधी 'प्रेशर' हा शब्द नीट लावून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. केबिनमध्ये तांडेलासमोर जो प्रेशरचा काटा असतो तो ऑइलचा. त्याचा डिझेलशी संबंध नाही. नोझल उघडण्याचं प्रेशर वेगळं. ते जुन्या पद्धतीच्या इंजिनांत २०० किलोच्या आसपास किंवा त्याहून वर असतं, आणि ते टेस्ट बेंचवरच बघायचं असतं. आपण बोलतोय ते तिसरं, म्हणजे फीड पंप टाकीतून डिझेल ओढून, फिल्टरमधून ढकलून मोठ्या पंपाच्या तोंडाशी ज्या जोराने देतो ते. मायको पद्धतीच्या पंपाला हे साधारण १ ते दीड किलो लागतं, काही इंजिनांना दोन-अडीच. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच खरा, बाजूच्या बोटीचा आकडा आपल्या कामाचा नाही. (मेस्त्री 'किलो' म्हणतो ते एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो. तेच जवळपास १ बार, आणि पौंडात सुमारे १४.)

हे छोटं प्रेशर कमी पडलं तर मोठा पंप अर्धा रिकामाच फिरतो. रिकाम्या पंपाला स्क्रू फिरवून काय मिळणार? जे आत येतच नाही ते बाहेर कुठून देणार?

आता इंजिन बदललं की हे का बिघडतं ते बघा. डिझेल इंजिन पूर्ण लोडवर १०० हॉर्सपॉवरला ताशी साधारण २० लिटर जाळतं. समजा ७० चं काढून १४० चं बसवलं, तर जळणारंच डिझेल दुप्पट. पण फीड पंप जळतं तेवढंच ओढत नाही. त्याहून बरंच जास्त ओढतो आणि उरलेलं रिटर्न लाइनने टाकीत परत पाठवतो. त्या फिरत्या डिझेलनेच पंप थंड राहतो आणि हवा निघून जाते. म्हणजे नळीतून जाणारं डिझेल आपण समजतो त्याच्या कितीतरी पट. आणि नळीचा हिशोब सरळ नसतो. ८ मिलिमीटर आतली नळी काढून १० ची घातली तर तेवढंच डिझेल न्यायला लागणारा जोर निम्म्याहूनही खाली येतो, साधारण ४० टक्के. दोन मिलिमीटरांचा एवढा फरक! नळीचा खर्च इंजिनाच्या मानाने काहीच नाही, तरी इंजिनावर लाखो घालणारा माणूस नळीशी येऊन "ही चांगलीच आहे की" म्हणतो.

दुसरी गोष्ट हवेची. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा आहे. तिथे जोड सैल असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणून फडकं फिरवून "सगळं कोरडं आहे, गळती नाही" म्हणणं या भागात निरुपयोगी. यावर सोपा उपाय आहे. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक होज तात्पुरता लावा आणि इंजिन चालू असताना बघा. बुडबुडे दिसले की मागे मागे जात एकेक जोड तपासायचा. तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे घाला, जुने भाजून पुन्हा वापरायची सवय सोडा. टेफ्लॉन टेपचे तुकडे पंपात जातात, तेव्हा डिझेल लाइनवर टेप नको. आणि जीआयचं फिटिंग तर डिझेलला नकोच. त्याचा जस्त डिझेलमध्ये उतरतो आणि नोझलमध्ये जाऊन बसतो.

मोठ्या पंपाच्या पुढच्या स्टीलच्या नळ्यांची गोष्ट मात्र उलटी. तिथे गळती बोटाने शोधू नका. शेकडो किलोंची ती बारीक धार कातडी फोडून आत जाते. दिसायला टोचल्याएवढी जखम, पण हात जाऊ शकतो. पुठ्ठा धरून बघा. असं काही झालंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, लगेच मोठ्या इस्पितळात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना सांगा.

तिसरी गोष्ट टाकीची, आणि आमच्या मते हीच सगळ्यात धोक्याची. दोन महिने टाकी अर्धी रिकामी, पावसाळ्याची दमट हवा, आतल्या पत्र्याला पाणी धरतं आणि तळाला जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळा चिकट गाळ वाढतो. बोट जेटीला असताना हा गाळ तळाला गप्प बसलेला असतो, म्हणून ट्रायलमध्ये काहीच दिसत नाही. मग १ ऑगस्टला आग्वादची बार ओलांडताना, नाहीतर साळ नदीच्या मुखावर, नाहीतर शापोऱ्याला, पहिल्या लाटांत टाकी ढवळते. गाळ उठतो आणि फिल्टर भरतो. इंजिन बंद पडतं ते नेमकं जिथे वाळूवर लाटा फुटतात तिथे. ऑगस्टमध्ये समुद्र कसा असतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. जुन्या टाकीला नवं, जास्त ओढीचं इंजिन जोडलं तर हे आणखी लवकर होतं. इंजिन बाहेर काढलेलं असताना टाकी उघडून धुण्याएवढी सोपी वेळ पुन्हा येत नाही.

टाकीचा श्वास, म्हणजे ब्रीदरही बघून घ्या. बंदीत बोटीला रंग लावतात. ब्रीदरच्या तोंडावर रंग बसतो किंवा पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून कुणी चिंधी कोंबून ठेवतो आणि काढायला विसरतो. इंजिन तासभर छान चालतं, मग मरतं. झाकण उघडलं की 'फुस्स' आवाज येतो, पुन्हा तासभर चालतं. यासाठीसुद्धा लोकांनी पंप उतरवलेत.

तर मोजायचं कसं? तीन जागा आहेत. पहिली सेपरेटर आणि फीड पंप यांच्या मध्ये, तिथे ओढ मोजणारं व्हॅक्युम गेज. दुसरी फिल्टरच्या पुढे, मोठ्या पंपाच्या तोंडाशी. तिथे ० ते ७ किलोचं साधं प्रेशर गेज चालतं. २५ किलोचं लावू नका, त्यावर दीड आणि एक यातला फरक वाचता येत नाही. तिसरी जागा रिटर्न लाइन. प्रत्येक ठिकाणी दोनदा वाचायचं, एकदा आयडलला आणि एकदा पूर्ण लोडला. आयडलचा आकडा जवळपास नेहमीच चांगला येतो, त्यावर विसंबू नका. बोट जेटीला बांधून गियरमध्ये टाकणं हा अर्धा उपाय. खरं वाचन नदीच्या मोकळ्या पात्रात पूर्ण आरपीएमवर, बार न ओलांडता. बंदी उठल्यावर पहिल्या फेरीत जाळं टाकल्यावर पुन्हा एकदा.

वाचनाचा अर्थ लावणं अवघड नाही. ओढ जास्त आणि पुढे प्रेशर कमी, म्हणजे टाकी, ब्रीदर, व्हॉल्व, नळी, सेपरेटर यांपैकी कुठेतरी अडलंय. ओढ कमी आणि प्रेशरही कमी, तर फीड पंप थकलाय, हवा शिरतेय किंवा मोठ्या पंपावरच्या ओव्हरफ्लो व्हॉल्वची स्प्रिंग गेलीय. ही स्प्रिंग एवढीशी असते, पण ती गेली की सगळं डिझेल सरळ टाकीत परत जातं आणि प्रेशर धरतच नाही. जुनं ट्रकचं इंजिन घेतलंय त्यांनी ती आधी बघावी. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे मोठा फरक दिसला तर फिल्टर. रिटर्नला जोर दिसला तर रिटर्नची नळी बारीक आहे, वळलीय किंवा तिच्यावरचा व्हॉल्व कुणीतरी बंद ठेवलाय. रिटर्नवर असा व्हॉल्व असूच नये असं आमचं मत. दोन टाक्या असतील तर ज्या टाकीतून ओढता तिच्यातच रिटर्न जातोय ना, हेही बघा. नाहीतर डाव्या टाकीतलं डिझेल उजवीतून उतू जाऊन बिल्जमध्ये.

गेज नसतानाही धूर थोडं सांगतो. ओढ नाही आणि धूरही नाही, तर बहुतेक डिझेल पोचत नाही. ओढ नाही आणि धूर काळाकुट्ट, तर डिझेल पोचतंय, हवा कमी आहे किंवा पंखा जड आहे. इंजिन बदलताना जुनाच गियर आणि जुनाच पंखा ठेवला तर हे हमखास होतं. त्यावर प्रेशर वाढवणं म्हणजे दमलेल्या माणसाला आणखी जेवायला वाढणं.

कॉमन रेलच्या इंजिनांविषयी थोडंसं. १ एप्रिल २०२० पासून ट्रकना बीएस-६ आलं आणि आता जुन्या बाजारातही कॉम्प्युटरवाली इंजिनं यायला लागलीत. त्यांच्या रेलमध्ये १००० किलोच्या वर प्रेशर असतं आणि ते पान्याने वाढवता येत नाही, कॉम्प्युटर ठरवतो. तिथे हात घालू नका. पण त्या कॉम्प्युटरलाही डिझेल तुमच्या टाकीतून, तुमच्याच नळीतून मिळायचं आहे. कमी मिळालं की तो इंजिनाची ताकद स्वतःहून उतरवतो. अशा इंजिनाला गाळ आणि पाणी अजिबात चालत नाही, म्हणून टाकी आणि सेपरेटर आणखी चांगले लागतात. खाऱ्या हवेत ती वायरिंग किती वर्षं टिकेल याची आम्हाला शंका आहे, पण तो विषय पुन्हा कधी.

होडीवाल्यांनी आपला संबंध नाही असं समजू नये. कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक काढून इंजेक्शनवालं फोर-स्ट्रोक लावणारे वाढलेत. कार्ब्युरेटरला चार-पाच पौंड पुरायचे. इंजेक्शनवाल्याच्या आतला पंप चाळीस पौंडांच्या आसपास काम करतो, आणि त्याला पेट्रोल मोकळेपणी मिळालं नाही तर तो गरम होऊन जातो. जुनी पाव इंची होज, जुना फुगा, जुनं कनेक्टर तसंच ठेवून नवं मशीन जोडू नका. धावताना फुगा चपटा झाला तर मागे अडलंय. फुगा दाबल्यावर मशीन सुधारलं तर पेट्रोल पोचत नाहीये, प्लग बदलत बसू नका. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने मऊ पडून आतून सोलतं, आणि टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं.

"आमचे बापूस कानाने सांगायचे, गेज कशाला?" हे ऐकायला मिळेल. कानाचा आम्हाला आदर आहे. बेअरिंग गेलं, नोझल ठोकतंय, हे जुना माणूस नदीच्या पलीकडून सांगेल. पण दीड किलोचं प्रेशर पाऊण किलो झालं हे आयडलला कुणाच्याही कानाला कळत नाही. ते कळतं जाळं पाण्यात गेल्यावर.

मेस्त्रींवर सगळं ढकलणं मात्र आम्हाला पटत नाही. आपण त्यांच्याशी ठरवतो काय? "इंजिन बसवून चालू करून द्यायचं, अमुक रुपये." तो चालू करून देतो. नळी बदल म्हटलं तर मालक कुरकुरतो, ट्रायलला दिवस दे म्हटलं तर त्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही. मग तो पुढच्या बोटीवर जातो, त्याचंही पोट आहे. म्हणून ठरवतानाच नळी, वायसर, सेपरेटर आणि लोड ट्रायलचा एक दिवस त्यात धरा, त्याचे पैसे वेगळे द्या, आणि शेवटचा हप्ता आकडे वहीत आल्यावर. यात त्याचंही रक्षण आहे. आकडे बरोबर होते हे लिहिलेलं असलं की ऑक्टोबरमध्ये बिघडलेल्या इंजिनासाठी कुणी त्याच्या दारात भांडायला जाणार नाही. विकणाऱ्याकडेही वॉरंटी मागताना तो कागद उपयोगी पडेल.

सोसायटीकडून आमची मागणी दोन गोष्टींची आहे, आणि येत्या सभेत ती मांडणार आहोत. एक, व्हॅक्युम आणि प्रेशरचे दोन गेज-सेट, लागणाऱ्या बँजो आणि ॲडॉप्टरांसकट, सोसायटीच्या पैशांतून घेऊन डिझेल पंपाच्या खोलीत ठेवावेत. मोठ्या ट्रॉलरच्या एका दिवसाच्या डिझेलच्या पैशांत हे बसतं. दोन, इंजिन बदललेल्या प्रत्येक बोटीची वहीत एक ओळ असावी: तारीख, इंजिन, नळीचा माप, आयडल आणि लोडचे आकडे, मेस्त्रीची सही. सक्ती करावी की नाही यावर आमच्यातच दोन मतं आहेत. काही म्हणतात, आकडे नसतील तर नव्या इंजिनासाठी सोसायटीने कर्जाची शिफारस करू नये. आम्हा बाकीच्यांना वाटतं, पहिलं वर्ष सक्ती नको. दहा बोटींचे आकडे वहीत आले की अकरावा स्वतःहून येईल.

तोवर ज्यांचं इंजिन सध्या बाहेर काढलेलं आहे त्यांनी सभेची वाट बघू नये. टाकी आत्ता उघडा. नळीचा आतला माप घ्या, नव्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापाशी ताडून बघा. ब्रीदरमधली चिंधी काढा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच मेस्त्री बुक असतात, तेव्हा ट्रायलचा दिवस आजच सांगून ठेवा.